रुग्णाने समक्ष हजर राहावे

परिपत्रक लिहावं तर मिठबावकरांनी! असं आमचे साहेब एकदा म्हणाले, आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला ऐकवत फिरतो. मी म्हणजे नंदकुमार मिठबावकर, वय एकोणपन्नास, राहणार मुलुंड, नोकरी अंधेरीला एका महामंडळात. महामंडळाचं नाव विचारू नका, निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. तिथल्या आरोग्य कक्षाचा मी अधीक्षक. आरोग्य कक्ष म्हटलं की लोकांना वाटतं, मी कोणाची नाडीबिडी बघत असेन. छे! आमच्या कर्मचाऱ्यांना आणि पेन्शनरांना महामंडळाच्या दवाखान्यातून औषध कसं द्यायचं, केव्हा द्यायचं आणि मुख्य म्हणजे केव्हा द्यायचं नाही, हे मी लिहितो.

गेल्या मार्चमध्ये मी माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम परिपत्रक लिहिलं. झालं असं की, आमचे एक पेन्शनर देवाघरी गेले आणि त्यांचा जावई पुढची दोन वर्षं त्यांच्या नावावर बीपीच्या गोळ्या नेत राहिला! ऑडिटवाल्यांनी बोट ठेवलं. आमचे चंद्रप्रकाश साहेब घामाघूम!

"मिठबावकर, असं काहीतरी लिहा की माशी आत शिरता कामा नये!"

मी असं लिहिलं की माशी सोडा, माणूसही आत शिरू नये. 'औषध घेण्यासाठी रुग्णाने समक्ष हजर राहावे. यंत्रावर अंगठ्याचा ठसा द्यावा. ठसा जुळल्यासच औषध देण्यात यावे. नातेवाईक, शेजारी किंवा परिचित यांच्या हाती औषध देऊ नये.' यातलं 'किंवा परिचित' मला जेवणाच्या सुट्टीत सुचलं. एकूण नऊ कलमं! साहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. मी त्या दिवशी घरी जाताना पेढे नेले.

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी गोराईहून दादूचा फोन आला. दादू म्हणजे माझ्या शेवंतीआतेचा शेजारी. पन्नाशीचा गडी, भाजीचा मळा करतो, रोज खाडी ओलांडून बोरीवलीला भाजी घालतो.

"साहेब, आते पडली. घोट्याचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. आणि तिच्या गोळ्या संपल्यात. दवाखाना माझ्याकडे देत नाय."

शेवंतीआते माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नाही. आमच्याच महामंडळाच्या कँटीनमध्ये तेहतीस वर्षं भांडी घासली आणि गावाहून आलेल्या मला त्याच पगारात कॉलेजात घातलं. निवृत्तीनंतर गोराईला दोन खोल्या घेतल्या, 'हंय गावासारखां वाटता' म्हणून. तिला बरीच वर्षं फिटची गोळी चालू आहे. सकाळी एक, रात्री एक. चुकवायची नाही म्हणजे नाही.

मी तिला शेवटचा गणपतीत भेटलो होतो. खोटं कशाला सांगू, मागच्या वर्षीच्या गणपतीत.

"आत्ताच्या आत्ता जातो!" मी शुभाला म्हटलं. शुभा माझी बायको. "आतेला घेऊन सरळ दवाखान्यात. अर्ध्या तासाचं काम!"

"प्लास्टरमधल्या बाईला खाडीपार नेणार तू?" शुभा म्हणाली. "अरे, बाहेरच्या मेडिकलमधून घेऊन जा ना गोळ्या. नाहीतर तिथे तुझी ओळख सांग."

"हक्काचं औषध बाहेरून घ्यायचं? आणि ओळख सांगायची? शुभा, नियम मी लिहिलाय. मीच तो मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीचे काय करतात ते बघून ये," शुभा म्हणाली आणि पोळी लाटायला लागली. तिचं बोलणं मी कधीच मनावर घेत नाही. ही सवय आता बदलायला घेतली आहे.

गोराईला पोचलो, तर आतेला उचलायला खुर्ची नव्हती, म्हणून दादूने मळ्यावरची लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. पुढे दादू, मागे मी, मध्ये आते. पालखीतल्या देवीसारखी ताठ! फरक एवढाच, की या देवीचा उजवा पाय पांढरा शुभ्र आणि आडवा होता, आणि मागचा भोई दर वीस पावलांनी 'जरा टेकवू या का' म्हणत होता.

फेरीबोटीत चार स्कूटर, सहा कोळणी, त्यांच्या टोपल्या आणि आम्ही. एका स्कूटरवाल्याने आतेच्या प्लास्टरला चाक लावलं, तेव्हा आतेने त्याच्या सात पिढ्यांची जी विचारपूस केली, ती ऐकून कोळणीसुद्धा दबकल्या! मी लाटेबरोबर खुर्चीसकट मागे सरकत होतो.

"नंदू, दांडो धर रे! तू पडशीत आणि माका तुका बघूचां लागात!"

धक्क्यावर रिक्षा केली. पाय आत मावेना. शेवटी तो तोफेसारखा बाहेर काढला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. बोरीवलीत पहिल्यांदाच कोणी आमच्या रिक्षाला वाट दिली! मला तर जरा अभिमानच वाटला.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी, आणि ती पाटीसुद्धा जुनी होऊन पिवळी पडलेली. पुन्हा खुर्ची, पुन्हा दादू पुढे, मी मागे. वर पोचलो तेव्हा माझी अवस्था अशी की, मलाच कोणीतरी औषध द्यावं!

आणि वर रांग! एक आजोबा वॉकर धरून उभे. एक बाई चादरीत गुंडाळलेली, दोन्ही मुलांनी दोन टोकं धरलेली. एकाच्या नाकात नळी. एक आजी बाकावर झोपलेल्या. मी चकितच झालो. दवाखान्यात इतकी आजारी माणसं मी प्रथमच बघत होतो. माझ्या फायलीत ती सगळी 'लाभार्थी' असतात.

"एवढे आजारी लोक इथे कशाला आलेत?" मी दादूला हळूच विचारलं.

दादूने भिंतीकडे बोट केलं. तिथे माझं परिपत्रक! काचेच्या चौकटीत! तेही मोठ्या अक्षरात!

"हा कागद ज्या माणसाने लिहिलाय ना," आमच्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "तो मला एकदा भेटायला हवा!" हे दशरथराव. आमच्या महामंडळातले निवृत्त मेकॅनिक. मनगटं अजून पान्यासारखी. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांची बायको, पक्षाघाताने अर्धं अंग गेलेली. "हिला चौथ्यांदा आणतोय. दर वेळी अंगठा जुळत नाही. आठवड्याला एकदा हिला दोन मजले उतरवायचं, एक चढवायचं. कोण असेल हो असला माणूस?"

"असेल कोणीतरी एसीत बसणारा!" मी म्हटलं. हे तसं खरंच होतं. फक्त आमचा एसी जूनपासून बिघडलाय.

खिडकीपाशी नंबर आला. आत मानसी नावाची औषधं देणारी मुलगी. बिचारी दमलेली, पण बोलायला नीट. "आजी, अंगठा ठेवा."

आतेने अंगठा ठेवला. यंत्रातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "ठसा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

डावा अंगठा. ठसा जुळत नाही. तर्जनी. ठसा जुळत नाही. रांगेतून सल्ले सुरू झाले. "पदराला पुसा!" "पावडर लावा!" "गरम पाण्यात बुडवा!" कोणीतरी लिंबूसुद्धा दिलं! दहा बोटं झाली. यंत्रातली बाई शेवटपर्यंत तितकीच गोड.

मानसीने आतेचा हात उजेडात धरून बघितला. "आजी, बोटांवर रेषाच नाहीत हो तुमच्या."

"नायत," आते म्हणाली. "तुमच्याच कँटीनात घासून गेल्यो."

मी खिडकीत डोकं घातलं. "अहो, ठसा जुळला नाही तर सहावं कलम आहे ना! मुख्य कार्यालयाची लेखी परवानगी!"

"आहे ना. अर्ज करा. पंधरा दिवसांत येते."

"पंधरा?" दशरथराव ओरडले. "माझ्या अर्जाला एकवीस झाले! कुठे जातात हे अर्ज?"

अर्ज कुठे जातात ते मला नेमकं ठाऊक होतं. माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या खणात. त्यांच्यावर मी जेवणाचा डबा ठेवतो.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सांगणारही होतो, देवाशपथ! पण मी एकवार रांगेकडे बघितलं. अकरा काठ्या, चार कुबड्या आणि दशरथरावांची मनगटं. मी गप्प बसलो.

नुसता गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण गुन्हेगाराला मोठ्याने बोलायची खोड असते. मी म्हटलं, "हा अन्याय आहे! तिसऱ्या कलमात 'समक्ष' म्हटलंय, पण अंथरुणावरच्या रुग्णाचं काय, ते कुठेच नाही! पाचव्यात घरी जाऊन ठसा घ्यायची सोयच ठेवलेली नाही!"

"अहो, तुम्हाला तर सगळी कलमं तोंडपाठ!" चादरीचं एक टोक धरलेला मुलगा म्हणाला.

"वकील आहात का?" दुसरं टोक धरलेल्याने विचारलं.

"वकील नाही... वाचनाची आवड आहे."

"बस! तुम्हीच लिहा निवेदन!" दशरथरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी खिडकीवर आदळलो. कोणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेलेला महिना फाडून दिला. मी लिहायला बसलो, आणि मंडळी, काय सांगू, लिहायला बसलो की मला भानच राहत नाही! 'आम्ही खाली सह्या करणारे पेन्शनर नम्रपणे निदर्शनास आणून देतो की, सदर परिपत्रक हे...'

"निर्बुद्ध!" दशरथराव सांगू लागले.

मी लिहिलं, निर्बुद्ध.

"आणि ते लिहिणारा अधिकारी हृदयशून्य!"

लिहिलं, हृदयशून्य.

"आणि गाढव!"

"काका, गाढव हा शब्द कार्यालयीन पत्रव्यवहारात बसत नाही."

"मग काय बसतं?"

"वस्तुस्थितीची जाण नसलेला."

"छान! दोन्ही लिहा!"

दोन्ही लिहिलं. खाली पहिली सही निवेदन लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी! मी शाईत बुडालेली मुंगी चालून गेल्यासारखं काहीतरी खरडलं. बाकीच्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. शाईच्या पॅडवर ते मात्र सगळे छान उठले.

निवेदन खिडकीत दिलं. आता हळूच आतेला उचलावं, खाली जाऊन मेडिकलमधून गोळ्या घ्याव्यात आणि सुमडीत कटावं, असा माझा बेत होता. तेवढ्यात दशरथराव म्हणाले, "कागदाचं काय होतं ते मला माहिताय. त्या माणसाला आत्ता फोन लावा! परिपत्रकावर खाली नंबर आहे!"

होता. 'अधिक माहितीसाठी संपर्क', आणि पुढे माझं आडनाव आणि मोबाइल. आठ महिन्यांत एकदाही कोणी फोन केला नव्हता, त्यामुळे मी पार विसरून गेलो होतो! मानसीने दवाखान्याच्या फोनवरून आकडे दाबायला घेतले. माझा हात खिशाकडे गेला. खिशात रुमाल, रुमालाखाली चष्मा, चष्म्याखाली किल्ल्या, आणि त्याखाली...

कुकूचकू! कुकूचकू!

माझ्या मुलीने, अपूर्वाने, गंमत म्हणून लावून दिलेला कोंबडा! मी जोरात खोकलो. कोंबडा आणखी जोरात आरवला. मी दादूकडे बघितलं, जणू कोंबडा त्याच्याच पिशवीत आहे! रांग इकडेतिकडे बघू लागली.

आणि आते, जिला एरवी फोनची रिंग कधी ऐकू येत नाही, ती आते ठणठणीत आवाजात म्हणाली, "अरे नंदू, तुझो फोन वाजता! घे मरे!"

मानसीने फोन ठेवला. कोंबडा थांबला. तिने पुन्हा लावला. कोंबडा आरवला.

वरचा पंखा किती करकरतो ते मला तेव्हा कळलं.

"मिठबावकर तुम्ही?" दशरथराव म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले.

"म्हणजे... मसुदा माझा... पण मंजुरी वरून..."

"आजी, तुम्हाला माहीत होतं? हा कागद यांनी लिहिलाय?"

"होय तर!" आते म्हणाली. "खाली नाव आसा ना त्याचां. दादूक ह्यांनी पैल्यांदा परत धाडलो, तेवाच त्याका सांगलंय, माझ्या भाच्यान लिवलेला आसा तां, शिकलेलो आसा, काय तरी कारण असतलां. उगाच भांडा नको."

"पैल्यांदा?" मी दादूकडे वळलो. "किती वेळा परत पाठवलं तुला?"

दादू चपलेने फरशी खरडत होता. "एप्रिलपासून दर महिन्याला, साहेब. कधीमधी आते स्वतः यायची. अंगठा लागला तर लागला. आता तोपण लागत नाय."

"मग गोळ्या? आते, तू एप्रिलपासून गोळ्या कशा घेतल्यास?"

"घेतलंय की. अर्धी सकाळी, अर्धी रातीक. मेल्या, तेवढ्यावर चलता. मागच्या आठवड्यात सरल्यो म्हणान दोन दिस घेवक नाय. मगे न्हाणयेत फिट इली. जाग इली तर पाय वाकडो."

मला दादूने फोनवर सांगितलं होतं, आते पडली. मी विचारलंच नव्हतं, कशी पडली.

"मला फोन का नाही केलास गं?"

"तुका कित्याक त्रास? तू कामात."

काम! मी त्या वेळी काय कामात होतो ते मला पक्कं आठवत होतं. कार्यालयीन सर्वोत्कृष्ट लेखन स्पर्धेसाठी मी तेच परिपत्रक पाठवत होतो. तीन प्रतींत.

मला वाटलं होतं, आता काठ्या उठतील. एकही उठली नाही. सगळे नुसते बघत राहिले. वॉकरवाल्या आजोबांनी तर नजर वळवली, जशी आपण रस्त्यात पँट फाटलेल्या माणसावरून वळवतो. त्यापेक्षा चार फटके परवडले असते!

मी खिडकीपाशी गेलो. "मानसी, कोरे कागद द्या. मुख्य कार्यालयाची लेखी परवानगी हवी ना? मुख्य कार्यालय आलंय."

लाल खुर्चीच्या हातावर कागद टेकवून मी लिहायला लागलो. नाव, पेन्शन क्रमांक, 'ठसा न जुळल्याने विशेष बाब म्हणून परवानगी', सही. चादरीतल्या बाई. नाकात नळीवाले. वॉकरवाले. दशरथरावांची बायको. सतरा परवानग्या! आयुष्यात एवढं छोटं मी कधी लिहिलं नव्हतं. मानसी फटाफट पुड्या देत होती. अठरावी आते.

मानसीने कागद परत सरकवला. "सर, ही तुमची आत्या ना?"

"हो."

"नववं कलम."

'कोणत्याही अधिकाऱ्याने स्वतःच्या नातेवाइकाच्या प्रकरणी परवानगी देऊ नये.' ते मी का घातलं होतं? तर आठ कलमं बरी दिसत नाहीत, नऊ भरभक्कम दिसतात म्हणून!

सतरा जणांना औषध मिळालं. आतेला नाही. तिने मान डोलावली. "बरोबर आसा. नियम म्हंजे नियम." ती टोमणा मारत नव्हती हो! ती खरंच मनापासून म्हणत होती.

मी जिन्याकडे वळलो, मेडिकल गाठायला. दशरथराव आडवे आले. पक्षाघातानंतर त्यांच्या बायकोलाही फिटची गोळी चालू होती; त्यांनी तिच्या मांडीवरची पुडी उघडली, आतेच्या चिठ्ठीशी नावं जुळवून बघितली, आणि मानसीला विचारलं, "हीच ना गोळी? तेवढ्याच ताकदीची?"

मानसीने पाकीट बघितलं. "तीच." मग ती पाठ करून पंख्याकडे बघत उभी राहिली. तो पंखा तिला इतका का आवडला, ते मी विचारलं नाही.

दशरथरावांनी दोन पट्ट्या आतेच्या ओंजळीत ठेवल्या. मी हात जोडले. "काका, मी तुमचे आभार कसे..."

"तुमच्यासाठी नाही दिल्या," ते म्हणाले आणि बायकोची खुर्ची जिन्याकडे ढकलू लागले. खाली उतरवताना मी एक बाजू धरायला गेलो. त्यांनी धरू दिली.

दुसऱ्या दिवशी मी खण उघडला. डबा बाजूला ठेवला. खाली चौसष्ट अर्ज होते. त्यांतल्या काहींवर आमटीचे डाग. संध्याकाळपर्यंत सगळे निकाली काढले. चंद्रप्रकाश साहेबांनी मला फायलीशिवाय सतरा परवानग्या दिल्याबद्दल लेखी खुलासा मागितला, आणि त्याच आठवड्यात कॅलेंडरच्या पानावरचं निवेदन त्यांच्या टेबलावर पोचलं. ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, गाढवासकट.

"भाषा कडक आहे हं, मिठबावकर! पेन्शनरांत कोणीतरी कसलेला माणूस दिसतोय. यांना उत्तर काय देणार?"

"साहेब, त्यांचं बरोबर आहे, असं."

असलं वाक्य आमच्या कार्यालयातून आजवर बाहेर गेलेलं नाही. तेही गेलं नाहीच, 'मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येत आहे' असं गेलं. पण सहा आठवडे मी साहेबांच्या दारात बसून राहिलो, आणि शेवटी सुधारणा निघाली. चालता न येणाऱ्या किंवा ठसा न जुळणाऱ्या रुग्णाने एका व्यक्तीचं नाव लिहून द्यावं, ती व्यक्ती औषध नेईल. दोन ओळी. साहेब म्हणाले, "फारच सोपं झालंय, लोकांना लगेच कळेल." मी म्हटलं, "कळू दे."

त्या शनिवारी पहिला फॉर्म घेऊन मी गोराईला गेलो. शुभालाही नेलं. आतेचं प्लास्टर निघालं होतं, ती ओट्यावर बसून भाजी निवडत होती. मी पेन काढलं, मोठ्या मायेने तिच्या शेजारी बसलो आणि लिहायला लागलो, 'औषध नेणाऱ्या व्यक्तीचे नाव: नंदकुमार...'

"कोणाचां नाव लिवतंस?" आतेने विचारलं.

"माझं! आता दर महिन्याला मी आणून देणार गोळ्या. स्वतः!"

आतेने हातातली जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "नको रे बाबा. दादूचां लिव."

"का गं?"

"दादूक लिवूक-वाचूक जमना नाय. तो नुसत्यो गोळ्यो घेवन येतलो."

शुभा हसू दाबायला घरात पळाली. मी माझं नाव खोडलं आणि पुढे दादूचं लिहिलं. मग फॉर्मच्या तळाशी लक्ष गेलं. 'खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही.' ती ओळ कोणी घातली, ते तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही. दुसरा फॉर्म आणायला बोट पकडली.